शाळेत दिवसभर करतो तरी काय? दहावीच्या मुलाचा दिवस, घड्याळ लावून

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा यंदा दहावीत गेलाय, वाडीवरून एसटीने तालुक्याच्या हायस्कूलला येतो. मालक मुंबईला माथाडी कामाला, घरी तुम्ही, सासूबाई आणि दोन म्हशी. ‘संध्याकाळी दप्तर टाकतो, जेवतो आणि आडवा होतो. शाळेत दिवसभर करतो तरी काय? त्याला अभ्यासाचं वेळापत्रक लावून द्या,’ असं तुम्ही लिहिलंय.

मी 27 वर्षं पाटण तालुक्यात हायस्कूलला शिकवतोय, त्यातली बरीचशी नववी-दहावीचा वर्गशिक्षक म्हणून. वेळापत्रक देतो, पण ते शेवटी. त्याचा दिवस आत्ता कसा जातो हे आधी बघू. आजवर घरोघरी भिंतीवर चिकटवलेली जी वेळापत्रकं मी पाहिली, ती बहुतेक आठ दिवसांत बंद पडली. कारण एकच. ज्या वेळेत अभ्यास लिहिला होता, ती वेळ त्या पोराकडे नव्हतीच.

दर वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात मी दहावीच्या वर्गाला एक काम देतो. फुलस्केप कागद घ्यायचा, नाव घालायचं नाही, आणि कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने लिहायचा. जे केलं तेच लिहायचं. नाव नसल्यामुळे पोरं खरं लिहितात. ते कागद घरी नेऊन मी रात्री वाचत बसतो. वाडीवरून येणाऱ्या मुलाचा कागद साधारण असा असतो.

साडेपाचला उठणं. गोठा, वैरण, दूध काढलं की किटली घेऊन डेअरीवर. परत येऊन आंघोळ, चहा, असली तर चहाबरोबर बटर. आठला घर सोडायचं, सव्वाआठची एसटी. पावसाळ्यात ही गाडी कधी येते ते गाडीलाच ठाऊक, म्हणून पोरं वेळेआधीच फाट्यावर जाऊन उभी राहतात. नऊला स्टँडवर. सव्वानऊ ते सव्वादहा दहावीचा ज्यादा तास. 10:40 ला घंटा. मग परिपाठ म्हणजे राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीतही, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या. पाऊस असला की हे सगळं वर्गात बसून. 10:55 ला पहिला तास. आमच्याकडे 35 मिनिटांचे नऊ तास होतात, मध्ये एक दहा मिनिटांची छोटी सुट्टी आणि एक चाळीस मिनिटांची मोठी. पाचला शाळा सुटते. गाडी पावणेसहाच्या सुमाराला. घरी साडेसहा.

म्हणजे तुमचा मुलगा रोज साडेदहा तास घराबाहेर असतो. रात्री दहाला झोपला आणि साडेपाचला उठला तर झोप साडेसात तास. राहिले सहा. त्यातले सकाळचे अडीच तास गोठ्यात, डेअरीवर आणि आवरण्यात जातात. संध्याकाळचे साडेतीन उरतात, त्यातून हातपाय धुणं, चहा, म्हशींचं संध्याकाळचं दूध आणि जेवण वजा करा. हातात येतात दोन तास, आणि तेही दिवसभर दमल्यावरचे.

हा हिशेब मी पालकसभेत फळ्यावर मांडतो तेव्हा सभा शांत होते. कारण बहुतेकांच्या डोक्यात ‘रोज पाच तास अभ्यास’ हा आकडा पक्का बसलेला असतो. तो आकडा शाळेशेजारी राहणाऱ्या, घरचं काम नसलेल्या मुलाचा आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाचा दिवस आणखी वेगळा. तिथे कितीतरी शाळा दोन सत्रांत भरतात, सकाळची शाळा एकला सुटली की जेवून क्लास, क्लासवरून घरी यायला रात्र. त्यालाही वेळ पुरत नाही, पण त्याची गळती दुसऱ्या ठिकाणी असते. तुमच्या मुलाच्या दिवसाला गळती कुठे लागली आहे ते सांगतो.

पहिली गळती भुकेची. शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत असतो. नववीत गेला की ताट बंद. ज्या वयात पोरगं वर्षात हातभर वाढतं, नेमकं त्याच वयात. मोठ्या सुट्टीत आठवीपर्यंतची पोरं ताटं घेऊन रांगेला लागतात, आणि नववीची पोरं, जी गेल्या वर्षापर्यंत त्याच रांगेत होती, बाजूने नळावर जातात. मी वर्गात विचारतो, ‘आज सकाळी कोण कोण खाऊन आलंय? चहा धरायचा नाही.’ निम्मे हातसुद्धा वर होत नाहीत. सकाळी साडेपाचला उठलेलं, कष्ट केलेलं, फाट्यापर्यंत चालून आणि एसटीत उभं राहून आलेलं पोर दीड वाजेपर्यंत चहावर असतं. दीडला डबा उघडतो. भाकरी, कोरडं बेसन नाहीतर मटकी, असलं तर लोणचं. सगळं दहा मिनिटांत संपवतात. मग सव्वादोनच्या तासाला वर्गावर जी सुस्ती येते तिच्याविरुद्ध कुठल्याही मास्तरचं काही चालत नाही.

मागे माझ्या वर्गात एक मुलगा होता, पहिल्या बाकावर बसायचा. गणिताचा चांगला. त्याची इतिहासाची वही तपासायला घेतली तर प्रत्येक पानावर एकच प्रकार. वरच्या पाच-सहा ओळी सरळ, टपोऱ्या अक्षरात. मग अक्षर ओळ सोडून खाली उतरायला लागतं, शब्द अर्धवट राहतो, आणि पेनाची एक लांब रेघ पानाच्या कडेपर्यंत ओढत गेलेली. तिथे त्याचा डोळा लागलेला असायचा. इतिहासाचा तास सुट्टीनंतर दुसरा. मी त्या सगळ्या रेघा पाहिल्या आणि त्याला कधी रागावलो नाही. डबीत गूळ-शेंगदाणे किंवा एखादी चपाती गुंडाळून आणायची आणि ज्यादा तास संपला की सव्वादहाला, परिपाठाच्या आधी खायची, एवढं त्याला सांगितलं. त्याच्या आईने ते मनावर घेतलं. दिवाळीनंतरच्या वहीत रेघा कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत, कारण झोपेचा प्रश्न राहिलाच होता.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो ती वेळापत्रकाची नाही. उद्यापासून दोन डबे द्या. एक सव्वादहाचा, एक दीडचा. पहिल्यात काय हे महत्त्वाचं नाही. गूळ-शेंगदाणे, उकडलेलं अंडं, रात्रीच्या भाकरीला तेल-चटणी, काहीही चालेल. आणि संध्याकाळी आल्या आल्या चहाऐवजी काहीतरी पोटभरीचं.

दुसरी गळती झोपेची. 13 ते 18 वर्षांच्या मुलाला 8 ते 10 तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं. रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा. हा आळस नव्हे, वयाचा धर्म आहे. 2024 साली शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं, पण वरच्या वर्गांच्या झोपेचा विचार त्यात आला नाही. उलट दहावी आली की कितीतरी ठिकाणी सकाळी सातचे ज्यादा तास सुरू होतात. माझा त्याला विरोध आहे आणि मी तो शिक्षकांच्या बैठकीत बोलूनही दाखवतो. सातच्या तासाला येण्यासाठी पोर चारला उठतं, आणि त्या तासात कमावलेलं दुपारी गमावतं.

झोपेचं रात्रीचं टोक मात्र आपल्या हातात आहे. ‘मुलगा अकरा-साडेअकरापर्यंत अभ्यास करतो’ असं पालक अभिमानाने सांगतात. नावाशिवाय लिहिलेल्या कागदावर त्याच वेळेसमोर ‘मोबाइल’ लिहिलेलं असतं, किंवा ‘पुस्तक उघडं, लक्ष नाही’. घरात एकच मोबाइल असेल, मालकांचा फोन त्यावर येत असेल, तर तो रात्री नऊनंतर स्वयंपाकघरातल्या फडताळात चार्जिंगला लावायचा. सगळ्यांसाठीच, तुमच्यासाठीही. मोठी माणसं बघत बसली आणि पोराला नको म्हटलं तर ते मानत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. बोर्डाचा पेपर सकाळी 11 ला सुरू होतो. भाषेचा पेपर तीन तासांचा, 80 गुणांचा. गणित भाग 1 आणि भाग 2, विज्ञानाचे दोन भाग, हे प्रत्येकी 40 गुणांचे, दोन-दोन तासांचे. 2023 पासून शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. म्हणजे ज्या वेळी डोकं चालायला हवं ती वेळ सकाळी अकराची. वर्षभर रात्री बाराला अभ्यासाची सवय लावलेलं पोर मार्चमध्ये अकराला ताजंतवानं कसं असेल?

तिसरी गळती वाट बघण्याची. हिच्यावर मी सगळ्यात जास्त काम केलंय, कारण ती भरून काढता येते. वरचा कागद पुन्हा बघा. फाट्यावर पंधरा-वीस मिनिटं, ज्यादा तासाआधी दहा-पंधरा, ज्यादा तास आणि घंटा यांच्यामध्ये पंचवीस, आणि संध्याकाळी स्टँडवर पाऊण तास. बेरीज दीड तासाच्या पुढे जाते. घरी राहिलेल्या दोन तासांच्या जवळपास जाणारा हा वेळ आहे. स्टँडवरचा पाऊण तास अख्खा अभ्यासाला जावा असं मी म्हणत नाही. मित्रांबरोबर हसणं-खिदळणं पोराला हवंच, दिवसभरात त्याला ती एकच जागा मिळते. पण त्यातली वीस मिनिटं घेता येतात.

त्या वेळेत धडा वाचायचा नाही, तिथे डोकं लागत नाही. तिथे पाठांतर करायचं. मी पोरांना खिशात मावेल अशी चाळीस पानी वही करायला लावतो. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. बीजगणिताची सूत्रं, भूमितीतल्या प्रमेयांची विधानं, विज्ञानाच्या व्याख्या, इतिहासातल्या संकल्पना, हिंदीचे मुहावरे. दोघांनी उभं राहायचं, एकाने डावं पान विचारायचं, दुसऱ्याने न बघता सांगायचं. चुकलं तर कडेला टिंब. तीन टिंबं झाली की ते उत्तर रात्री घरी पाच वेळा लिहायचं. यात नवीन काही नाही, आपल्या आजोबांच्या वेळी पाढे असेच म्हणत. पण स्वतःला विचारून, आठवून, चुकून केलेलं पाठांतर टिकतं आणि डोळ्यांनी नुसतं वाचलेलं टिकत नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्या मुलांमध्ये पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

शाळेतल्या नऊ तासांबद्दलही खरं सांगायला हवं. 35 मिनिटांच्या तासात वर्ग बसेपर्यंत, हजेरी होईपर्यंत पाच मिनिटं जातात. कुणी शिक्षक रजेवर असला, निवडणुकीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामाला गेला, तर बदली तास. बदली तासाला बहुतेक वेळा ‘शांत बसा, वाचा’ एवढंच होतं. खेळाचा तास दहावीला बऱ्याच शाळांत कागदावरच राहतो, गणित किंवा इंग्रजीचे शिक्षक तो मागून घेतात. मीही पूर्वी घेतलाय. आता घेत नाही. आठवड्यातून दोनदा मैदानावर घाम गाळून आलेला वर्ग पुढच्या तासाला जास्त जागा असतो.

उरलेल्या तासांत फळ्यावरचं उतरवून घेण्यात बराच वेळ जातो आणि घरी आल्यावर स्वाध्याय लिहिण्यात. प्रत्येक विषयाच्या 100 पैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यासाठी प्रयोगवही, गृहपाठ, उपक्रम पूर्ण लागतात. ते करावेच लागतात. पण गाईडमधून वहीत जशीच्या तशी उत्तरं उतरवण्यात जी संध्याकाळ जाते ती वाया गेलेली संध्याकाळ. मुलगा तासभर मान खाली घालून लिहितोय म्हणून तुम्हाला बरं वाटतं, त्यालाही अभ्यास झाल्यासारखा वाटतो. एकदा हळूच त्याच्या शेजारी बसा आणि आत्ताच लिहिलेलं उत्तर वही मिटून सांग म्हणा. वाचता आलं नाही तरी ऐकता येतं. तो अडखळला की तुम्हाला कळेल.

तुमचा प्रश्न मुलाबद्दल आहे, पण हे वाचणाऱ्या मुलींच्या आयांसाठी थोडं लिहितो, कारण मुलींचे कागद वाचताना मला जास्त त्रास होतो. त्यांच्या कागदावर सकाळी पाणी भरणं आणि भाकऱ्या असतात, संध्याकाळी पुन्हा भाकऱ्या आणि भांडी. भावाच्या कागदावर त्या वेळेत ‘टीव्ही’ असतं, कधी कधी एकाच घरात. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे कितीतरी मुलींची शाळा सातवीनंतर सुटायची ती आता सुटत नाही. हे फार मोठं काम झालं. पण शाळेत आल्यावर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. का, तर स्वच्छतागृहात जायला नको. सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत घोटभर पाण्यावर काढतात, मग डोकं दुखतं, आणि डोकं दुखतंय म्हणून तासाला बाकावर डोकं टेकतात. पाळीच्या दिवसांत दांडी पडते ती वेगळी. आमच्याकडे बाईंनी पुढाकार घेतला, मुलींच्या स्वच्छतागृहाला टाकी आणि कडी बसली, तेव्हापासून पाण्याच्या बाटल्या बाकावर दिसायला लागल्या. पालकसभेला जाल तेव्हा गुणांच्या आधी हे विचारा. शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्याला मिळतात, त्या मुलगी खरंच खाते की खिशात घालते, हेही विचारा. उपाशीपोटी खाल्ली की मळमळतं म्हणून पोरी टाकून देतात. जेवणानंतर खायची.

आता तुमच्या मुलाचं वेळापत्रक. मी ते घरातल्या घड्याळाला जमेल असंच देतो.

साडेसहाला घरी आला की खाणं. मग अर्धा तास आडवा होऊ दे, त्यासाठी त्याला बोलू नका. पण अर्ध्याच तासाने उठवा. दोन तास झोपला तर रात्रीची झोप मोडते. सव्वासात ते आठ पहिली बैठक, त्यात त्याला सगळ्यात जड जाणारा विषय, बहुधा गणित किंवा इंग्रजी. लिहून. त्या वेळेपुरतं संध्याकाळच्या दुधाचं काम तुम्ही नाहीतर सासूबाईंनी घ्यावं अशी माझी विनंती आहे. तुमच्यावर आधीच किती आहे ते मी जाणतो, म्हणून ते फक्त जून ते मार्च मागतोय. सकाळची डेअरी तो करतोय ती करू दे. घरचं काम केल्याने मुलाचं नुकसान होतं असं मला कधी वाटलं नाही. आठला जेवण. पावणेनऊ ते साडेनऊ दुसरी बैठक, हलका विषय आणि शाळेचं लिखाण. मग दप्तर भरणं, दहाच्या आत अंथरूण. दोन बैठका मिळून दीड तास, आणि वाट बघतानाची चाळीस मिनिटं. एवढ्यात दहावीचा रोजचा अभ्यास होतो.

शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी पोर घरी येतं. आठवड्यातली ही दुपार मी सोन्यासारखी मानतो आणि बहुतेक घरांत ती झोपेत नाहीतर क्रिकेटमध्ये जाते. क्रिकेट चारनंतर. दीड ते साडेतीन विज्ञान किंवा भूमिती, सलग, आकृत्यांसकट. रविवारी सकाळी बरोबर अकराला त्याला एका जागी बसवा, समोर घड्याळ ठेवा आणि 40 गुणांची एक जुनी प्रश्नपत्रिका दोन तासांत सोडवायला लावा. मध्ये उठायचं नाही, गाईड नाही, मोबाइल नाही. सोडवलेला पेपर सोमवारी त्या त्या विषयाच्या सरांकडे द्यायचा. तपासून मागितलेला पेपर नाकारणारा शिक्षक मला आजवर भेटलेला नाही. रविवारची बाकीची वेळ त्याची. नदीवर जाऊ दे, झोपू दे, म्हशी चारायला जाऊ दे.

गणेशोत्सवाचे दिवस, भात काढणीचे आठ दिवस आणि गावची जत्रा यांत हे सगळं मोडेल. मोडू दे. फक्त रविवारचा अकराचा पेपर मोडू देऊ नका. जूनपासून धरला तर जानेवारीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत त्याचे पंचवीसेक पेपर झालेले असतील.

आणि आत्ता, या आठवड्यात, एवढंच करा. त्याला एक कोरा कागद द्या आणि कालचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने लिहायला सांगा. तुमचाही दिवस तुम्ही त्याच्या शेजारी बसून लिहा, किंवा सांगा, तो लिहील. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून कुठलं काम कुणी, किती वाजता करायचं ते तिघांनी मिळून ठरवा, सासूबाईंना धरून. मालकांना फोनवर वाचून दाखवा.